हद्द वाढली, नळ मागे राहिला

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे एकाच धाटणीचे रुग्ण येऊ लागले. आधी दोन-तीन दिवस जुलाब आणि पोटात मुरडा. ते थांबल्यावर आठ-दहा दिवसांनी पायांत मुंग्या, जिना चढताना गुडघ्यांत बळ नसणे, चालताना पायातून चप्पल निसटणे. मग ही अशक्तता हातांपर्यंत चढायची. काहींना घास गिळता येईना, काहींना श्वास पुरेना. निदान होते गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस.

हा आजार एरवी लाखामागे वर्षाला एक-दोघांना होतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुणे आणि परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. त्यातले काही दगावले, कित्येकांना व्हेंटिलेटर लावावा लागला. या रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडल्यावर दिसलेले चित्र बोलके होते. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीत, जिथे २०११ च्या जनगणनेतच ३१ लाख लोक राहत होते, तिथले रुग्ण चाळीसच्या आसपास. आणि नव्याने पालिकेत आलेल्या गावांतले रुग्ण नव्वदहून अधिक. त्यांतले बरेचसे सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यातले.

आजार मज्जातंतूंचा, पण त्याचा नकाशा महापालिकेच्या हद्दवाढीशी जुळणारा. हे कसे झाले, ते नीट समजून घ्यायला हवे. कारण अशी गावे आज प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला आहेत.

जुलाबापासून लुळेपणापर्यंत

पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत दोन जंतू प्रामुख्याने सापडले. एक कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि दुसरा नोरोव्हायरस. दोन्ही दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातात. कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत सहज राहतो. मांस नीट शिजवले तर तो मरतो, पण सांडपाण्यावाटे पिण्याच्या पाण्यात आला तर एकाच वेळी शेकडो घरांत पोचतो.

बहुतेकांना त्याने फक्त जुलाब होतात आणि आठवडाभरात बरे वाटते. साधारण हजारातल्या एकाच्या बाबतीत मात्र वेगळेच घडते. या जिवाणूच्या बाह्य आवरणावरची काही रेणूंची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखी असते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तीच प्रतिपिंडे चुकून मज्जातंतूंवर हल्ला करतात. म्हणून लुळेपणा येतो तो जुलाबाच्या वेळी नव्हे, तर एक ते तीन आठवड्यांनी. तोवर जुलाब विसरलेही गेलेले असतात.

हजारातला एक, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. एखाद्या भागात थोड्या दिवसांत जीबीएसचे पाच-दहा रुग्ण दिसले, तर त्याच्यामागे जुलाब होऊन गेलेल्या हजारो लोकांची रांग असू शकते. त्यांची नोंद कुठेच झालेली नसते. २०११ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या दोन शेजारी गावांत जीबीएसचे २६ रुग्ण आढळले होते. तिथेही बोट कॅम्पायलोबॅक्टरकडे आणि नीट शुद्ध न झालेल्या पाण्याकडे गेले. म्हणजे जीबीएस ही शेवटी वाजणारी घंटा आहे. ती वाजते तेव्हा पाणी बरेच आधी बिघडलेले असते.

आणि या घंटेची किंमत मोठी आहे. उपचारासाठी दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन हे औषध रुग्णाच्या वजनानुसार, किलोला दोन ग्रॅम या हिशेबाने, पाच दिवसांत विभागून देतात. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम लागते, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. एकेका बाटलीची किंमत हजारोंत. त्यात पाचातल्या एका किंवा चारातल्या एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो, कधी कित्येक आठवडे. सहा महिन्यांत सुमारे ऐंशी टक्के रुग्ण स्वतःच्या पायांवर चालू लागतात. पण रोजंदारीवरच्या किंवा रिक्षा चालवणाऱ्या माणसाला सहा महिने घरी बसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

गाव गेले, शहर आले नाही

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आली. जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली आणि पालिकेचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. मुंबईलाही मागे टाकून ती क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. धायरी पहिल्या यादीत होती. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला दुसऱ्या.

अधिसूचना निघते त्या दिवशी ग्रामपंचायत संपते. तिच्याबरोबर आणखी काय संपते, हे फारसे कोणी मोजत नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यांत पाण्याची एक साधी पण उपयोगी व्यवस्था आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. तो टीसीएल पावडर टाकून पाणी निर्जंतुक करतो. आरोग्यसेवक नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेतो, क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की सरपंचाला गावात उत्तर द्यावे लागते. ही व्यवस्था सगळीकडे चोख चालते असे नाही, पण चूक कोणाची हे गावाला ठाऊक असते.

शहरात व्यवस्था वेगळी. तिथे जलशुद्धीकरण केंद्र असते. पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. शहरातला माणूस नळाला तोंड लावू शकतो तो या तीन पायऱ्यांच्या भरवशावर.

नव्याने आलेल्या गावाच्या वाट्याला या दोन व्यवस्थांमधला काळ येतो. जुनी गेलेली, नवी पोचायची. नांदेड गाव परिसराला खडकवासला धरणाजवळच्या एका मोठ्या विहिरीतून पाणी मिळत होते. त्या पाण्यात क्लोरीन टाकले जाई, पण शुद्धीकरण केंद्राच्या आधीच्या पायऱ्यांतून ते जात नव्हते. कमी पडेल ते पाणी टँकरने आणि खासगी शुद्धीकरण केंद्रांच्या जारने भागवले जात होते. साथीनंतर पालिकेने या भागातली तीसच्या आसपास खासगी केंद्रे बंद केली. म्हणजे तोवर लोक जे 'फिल्टरचे पाणी' म्हणून विकत घेत होते, त्यावर कोणाची देखरेख आहे हा प्रश्न उरलाच होता.

जबाबदारीची वाटणीही गुंतागुंतीची. २३ गावे पालिकेत आली, पण त्यांचे नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचीच, म्हणजे पीएमआरडीएची नेमणूक झाली. इमारतींच्या नकाशांना मंजुरी एका कार्यालयातून, पाण्याची जबाबदारी दुसऱ्याची. मंजुरीच्या वेळी बिल्डर हमीपत्र देतो की पालिकेचे पाणी येईपर्यंत तो पाणी पुरवेल. ताबा मिळाल्यावर त्या हमीपत्राचा अर्थ सोसायटीच्या दारात उभ्या राहणाऱ्या टँकरांच्या रांगेतून कळतो. शिवाय पालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि साथीच्या वेळी कारभार प्रशासकाकडे होता. नव्याने आलेल्या गावांतल्या माणसाकडे सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही.

७४ व्या घटनादुरुस्तीने बारावे परिशिष्ट आणून नागरी संस्थांसाठी १८ विषयांची यादी दिली. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, सांडपाणी, इमारतींचे नियमन हे सगळे त्यात आहे. हे विषय एका छताखाली असावेत यामागे वैद्यकीय दृष्टीनेही कारण आहे. इमारत, नळ आणि गटार या तीन गोष्टी रोगजंतूसाठी एकाच रस्त्याचे टप्पे असतात.

लंडनचा धडा

हे पहिल्यांदाच घडते आहे असे नाही. १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा आणि कॉलऱ्याचा संबंध दाखवला, ही गोष्ट वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. त्यानंतर बारा वर्षांनी काय झाले, हे सहसा सांगितले जात नाही.

स्नो यांच्या काळात लंडनचा कारभार शेकडो लहानमोठ्या मंडळांत विभागलेला होता. १८५५ च्या कायद्याने पूर्ण शहरासाठी एक मंडळ आले. त्याचे अभियंता जोसेफ बॅझलगेट यांनी जमिनीखालून मोठ्या सांडपाणी वाहिन्यांचे जाळे उभारायला घेतले. १८६६ पर्यंत शहराचा बहुतेक भाग या जाळ्याला जोडला गेला होता. पूर्वेकडचा गरीब, कामगारांचा भाग मात्र अजून जोडला गेला नव्हता. तिथल्या पंपिंग स्टेशनचे काम बाकी होते. त्याच वर्षी कॉलरा आला आणि त्याने नेमका हाच भाग गाठला. तिथे साडेपाच हजारांहून अधिक माणसे मेली, उरलेल्या शहरात साथ फारशी पसरली नाही.

संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी मृत्यूंच्या नोंदी पाणीपुरवठ्याच्या नकाशाशी ताडून पाहिल्या. माग ईस्ट लंडन वॉटर कंपनीपर्यंत पोचला. आपण गाळलेलेच पाणी देतो, असे कंपनीचे म्हणणे होते. पण ग्राहकांच्या नळांत चक्क वाम मासे सापडले होते. गाळलेल्या पाण्यातून मासा येत नाही, हे समजायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

शहर एकाच वेळी सगळीकडे सुधारत नाही. सुधारणा मध्यापासून कडेकडे जाते आणि जी कड शेवटी उरते, तिथे साथ सापळा लावून बसते. लंडनची ती कड आणि सिंहगड रस्त्यावरची गावे यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींकडे वाट चुकली ती त्याच वळणावर.

क्लोरीन टाकले म्हणजे झाले का?

'पाण्यात क्लोरीन टाकतो', एवढ्यावर अनेक ठिकाणी विषय संपतो. दिल्लीचा अनुभव वेगळे सांगतो. १९५५ च्या अखेरीस वजिराबादच्या पंपिंग स्टेशनजवळ नाल्याचे सांडपाणी यमुनेतून पिण्याच्या पाण्यात शिरले. क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. विषमज्वराची साथ आली नाही, कारण ते जिवाणू क्लोरीनला बळी पडले. पण काही आठवड्यांनी दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. विषाणू त्या गढूळ पाण्यातून निसटला होता. या साथीच्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांचा पुढे अभ्यास झाला, त्यात पुण्याच्या विषाणू संस्थेचा सहभाग होता. आज आपण ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतो, त्याची ओळख पटायला हे नमुने उपयोगी पडले.

गढूळ पाण्यातला गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंना आडोसाही देतो. म्हणून आधी गाळणे, मग क्लोरीन, हा क्रम चुकवून चालत नाही. आणि क्लोरीन टाकीत किती टाकले यापेक्षा शेवटच्या घराच्या नळाला किती उरले हे महत्त्वाचे. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे.

शुद्ध पाणीही वाटेत बिघडू शकते. हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी आणि बाकीच्यांना काही दिवसांआड पाणी अशी स्थिती होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही भागांतल्या नळांचे नमुने तपासले गेले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, सापडला. थांबून थांबून पाणी येणाऱ्या भागात हेच प्रमाण ३१.७ टक्के होते. पाणी मात्र एकाच शहराचे. पाणी बंद झाले की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. २०१५ मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात विषमज्वर चोवीस तास पाणी असलेल्या भागात कमी दिसला आणि रक्ती हगवण गरीब घरांतल्या मुलांमध्ये कमी दिसली. सगळ्या मुलांच्या साध्या जुलाबांत मात्र मोठा फरक पडला नाही. शहरात मुलांना जुलाब होण्याची इतर कारणेही असतातच. पण गंभीर आजारांपासून, आणि तेही गरीब घरांना, नळाच्या दाबाने संरक्षण दिले.

न मोजलेली शहरे

पुण्याच्या कडेची गावे निदान पालिकेत तरी आली. देशात हजारो वस्त्या अशा आहेत ज्या प्रत्यक्षात शहर आहेत, पण कागदावर खेडे. पाच हजारांवर लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि पुरुष कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील, तर जनगणना त्या गावाला 'जनगणना नगर' म्हणते. त्याचा कारभार मात्र ग्रामपंचायतच करत राहते. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ नगरे होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. कान्हू चरण प्रधान यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की त्या दशकातल्या नागरी लोकसंख्यावाढीचा जवळपास ३० टक्के वाटा अशा नव्या जनगणना नगरांचा होता.

आरोग्यव्यवस्थेचे हिशेब लोकसंख्येवर चालतात. ग्रामीण भागात ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात ५० हजारांमागे एक. पण हे आकडे २०११ च्या जनगणनेवर टेकलेले, आणि पुढची जनगणना २०२७ मध्ये. मधल्या काळात शेतांच्या जागी उभे राहिलेले बारा-बारा मजली टॉवर या हिशेबात नाहीत.

रोग टिपणारी यंत्रणाही इथेच उणी पडते. पोलिओ निर्मूलनामुळे पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला तर डॉक्टर लगेच कळवतात, नमुने तपासले जातात. मोठ्या माणसाला तसाच लुळेपणा आला तर अशी शिस्त नाही. आणि जुलाबाचा रुग्ण कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात जातो, गोळ्या घेतो, बरा होतो. त्याचा आकडा पालिकेपर्यंत जातच नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट, गाव हद्दीत घेण्याआधीच त्याच्या प्रत्येक पाणीस्रोताची जबाबदारी एका नाव असलेल्या अधिकाऱ्याकडे असावी. जलसुरक्षक आणि ओटी चाचणी शुद्ध पाणी पोचेपर्यंत चालू राहावी. दुसरी, टोकाच्या घरातल्या क्लोरीनचे रोजचे आकडे वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लागावेत. हे काम काही पैशांचे आहे, रुग्णालयाचा खर्च लाखांचा. तिसरी, नळजोड प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही, हमीपत्रावर तर नाहीच. चौथी, खासगी डॉक्टरांनी जुलाबाचे रुग्ण आठवड्याला कळवावेत आणि मोठ्यांमधल्या अचानक लुळेपणाचीही सक्तीने नोंद व्हावी.

नागरिकांनी आपल्या भागाचे पाणी कुठून येते, ते गाळले जाते का आणि नळाला क्लोरीन किती असते, हे तीन प्रश्न वॉर्ड कार्यालयाला लेखी विचारावेत. सोसायटीची टाकी सहा महिन्यांतून एकदा धुवावी आणि धुतल्याची तारीख टाकीवर लिहावी. टँकरचे पाणी आल्यास त्यात क्लोरीन आहे का, हे बाजारात मिळणाऱ्या साध्या संचाने तपासता येते. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवावे, ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे.

जुलाब होऊन गेल्यावर महिनाभरात दोन्ही पायांत अशक्तता, मुंग्या, गिळताना त्रास किंवा चेहरा वाकडा होणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. इम्युनोग्लोब्युलिन आणि रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया, दोन्हींचा गुण सारखाच येतो. दोन्ही पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास फायदा जास्त. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी या आजारात उपयोग होत नाही, त्यात वेळ घालवू नये.

हद्दवाढीची अधिसूचना एका कागदावर एका दिवसात निघते. जलवाहिनी, गटार आणि आरोग्य केंद्र यायला वर्षे लागतात, हे समजण्यासारखे आहे. पण त्या वर्षांत पाण्याची जबाबदारी कोणाची, हे त्याच कागदावर लिहिता येते. त्यासाठी नवा शोध लागायची गरज नाही.